नस्तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा येतो तेव्हा… (सरकारी नोकरीतलं समाधान आणि घुसमट)

आवकजावक

नमस्कार. महसूल खात्यात लिपिक म्हणून लागून मला चौदा वर्षं झाली, सध्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. वर्तणूक नियमांमुळे कार्यालयाचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

सरकारी नोकरीचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी दोनच गोष्टी असतात. एक, ‘तुमचं काय, पगार पहिल्या तारखेला’. दुसरी, ‘हात ओले केल्याशिवाय कागद हलत नाही’. दोन्हींत तथ्य आहे, नाकारत नाही. पण आत बसून मला जे छळतं ते तिसरंच आहे. घरी सांगायला गेलं तर कुणाला कळत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझ्याकडे कलम १५५ ची प्रकरणं असतात. हस्तलिखित सातबारे संगणकावर घेताना लेखनाच्या चुका झाल्या. कुठे काना राहिला, कुठे क्षेत्राचा आकडा सरकला, कुठे खातेदारच गळाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांनी आदेश काढला की अशी चूक दुरुस्त होते. कुणाची मालकी ठरवायची नसते, जुन्या कागदावर जे आहे तेच नव्या कागदावर आणायचं असतं.

साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत. नवरा गेल्यावर वारस म्हणून यांचं नाव लागलं. हस्तलिखित उताऱ्यावर ते बरोबर आहे. संगणकावर घेताना शेवटची अक्षरं चुकली आणि बाईचं नाव पुरुषाचं होऊन बसलं. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. बँकेने पीककर्ज थांबवलं. बँकेचंही चुकलं नाही, त्यांच्यासमोरच्या कागदावर या बाई नाहीतच.

मी प्रकरण तयार केलं. तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, हस्तलिखित सातबाऱ्याची प्रत, हितसंबंधितांना नोटीस. टिपणी लिहून नस्ती, म्हणजे फाइल, सादर केली. आठ दिवसांनी परत आली, शेरा होता ‘चर्चा करावी’. चर्चा केली. साहेब म्हणाले, बरोबर आहे, परत सादर करा. केली. आता शेरा ‘नियमानुसार कार्यवाही प्रस्तावित करावी’. तशी प्रस्तावित केली. तिसऱ्या खेपेला पुन्हा ‘चर्चा करावी’. तेवढ्यात त्यांची बदली झाली.

हे साहेब लाचखाऊ नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आळशीही नव्हते, रात्री आठपर्यंत बसायचे. पण आधीच्या ठिकाणी काढलेल्या एका आदेशावरून त्यांना विभागीय चौकशी लागली होती. सहा वर्षांनी निर्दोष सुटले. मधल्या काळात पदोन्नती गेली, मुलीच्या लग्नात लोक कुजबुजत राहिले. मला एकदा जवळ बसवून म्हणाले, ‘सही केली तर उद्या एखादा भाऊबंद तक्रार करील. नाही केली तर काय होणार आहे?’

मी विचार करत राहिलो. खरंच काही होत नाही. चुकीच्या आदेशासाठी चौकशी लागलेले लोक मी पाहिलेत, बरोबर आदेशासाठी लागलेलेही पाहिलेत. आदेशच काढला नाही म्हणून कुणाला चौकशी लागलेली चौदा वर्षांत पाहिली नाही. माझी घुसमट तिथे आहे. कामाचा डोंगर, रिक्त पदं, दोन दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार, हे सगळं सोसता येतं. केलेलं काम पुढच्या टेबलावर भीतीपोटी थिजतं ते सोसत नाही.

तुमच्या खात्यांतही असंच आहे का? आणि असेल तर तुम्ही कशाच्या बळावर टिकून आहात?

रांगेतला

मी खात्यातला नाही, तुमच्या टेबलाच्या पलीकडे उभा असणारा आहे. वडिलांच्या वारसनोंदीसाठी सात खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली.

तुमच्या साहेबांची भीती वाचली आणि पटलीही. पण सात खेपांत मला हे कुणी सांगितलं नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘पुढच्या आठवड्यात बघा’ एवढंच ऐकलं. तुमची भीती तुमच्याकडे राहते, तिची किंमत मी मोजतो.

आणखी एक. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. मुदतीत सेवा दिली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती. कार्यालयात फलक लावलेला असतो, पण तो दाराच्या मागच्या भिंतीवर. तुम्ही कधी एखाद्या अर्जदाराला स्वतःहून सांगितलंय का, की मुदत संपली, आता अपील करा?

आवकजावक

@रांगेतला, नाही सांगितलं. अपील झालं तर पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी) म्हणून माझ्याच साहेबांवर येतं, मग रोष माझ्यावर. खोटं कशाला सांगू. पण तुम्ही विचारल्यावर आज दिवसभर ते डोक्यात होतं. पोच देताना त्यावर मुदतीची तारीख लिहायला उद्यापासून सुरुवात करतो, तेवढं नक्की माझ्या हातात आहे.

लेखाशीर्ष

कोषागारातून लिहितोय. भीती कुठून येते ते आमच्या बाजूने सांगतो.

लेखापरीक्षणाचा आक्षेप हा दिलेल्या पैशावर लागतो. न दिलेल्या पैशावर, अडवलेल्या देयकावर कुणी आक्षेप घेत नाही. एखाद्याचं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक त्रुटी काढून चार वेळा परत पाठवलं तर माझं दप्तर स्वच्छ. एकदाच समजुतीने पास केलं आणि एक प्रमाणपत्र कमी निघालं, तर तो परिच्छेद माझ्या मागे निवृत्तीपर्यंत येतो.

सेवापुस्तकांचंही तसंच. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जास्त लावली, वेतन पडताळणी पथकाने ती निवृत्तीच्या तोंडावर पकडली, की वसुली त्या शिपायाच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून). सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गट क आणि गट ड कर्मचाऱ्यांकडून आणि निवृत्तांकडून अशी वसुली करता येत नाही. तरी वसुली लावली जाते, आणि माणूस न्यायाधिकरणात जातो. वसुली थांबवण्यासाठीसुद्धा कुणीतरी सही करायला हवी ना!

गेल्या वर्षी असाच एक शिपाई माझ्यासमोर बसला होता. सेवापुस्तक दोन्ही हातांनी धरून. कोपरे झिजलेले, पुठ्ठ्याला कापडाची पट्टी चिकटवलेली. मी त्या निकालाचा आधार घेऊन टिपणी लिहिली, वरिष्ठांनी मान्य केली आणि त्याचं पेन्शन प्रकरण वसुलीशिवाय महालेखापालांकडे गेलं. मला कुणी शाबासकी दिली नाही, दिली पाहिजे असंही नाही. पण त्या रात्री मला झोप फार छान लागली.

बारनिशी

धागाकर्त्यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी आवक-जावक बघते, त्यामुळे कुठली नस्ती कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे साहेबांच्या आधी मला माहीत असतं.

बदल्यांचा कायदा सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचं पूर्ण नाव किती जण वाचतात? ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. विलंबास प्रतिबंध! कलम १० म्हणतं की साधारणपणे कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची असेल तर चार दिवस. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. हे कलम बदलीच्या कलमाइतकं वापरलं गेलं असतं तर हा धागा निघालाच नसता. एप्रिल-मे आला की अर्धं कार्यालय पहिला अर्धा कायदा घेऊन वकिलाकडे जातं. दुसऱ्या अर्ध्याची आठवण कुणाला नाही.

‘चर्चा करावी’ या शेऱ्यात आणखी एक गोम आहे. नस्ती परत खाली येते, म्हणजे प्रलंबित दिवस कारकुनाच्या नावावर मोजले जातात. कार्यविवरणात (कारकुनाच्या कामाच्या नोंदवहीत) उशीर तुमचा दिसतो.

अभ्यासिका

मी अजून आत यायचीच आहे. स्पर्धा परीक्षेची चार वर्षं झाली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची प्रमाणपत्रं काढून ठेवली आहेत. घरचे म्हणतात नोकरी लागली की आयुष्य मार्गी लागेल. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. एकच विचारते, पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही याच नोकरीत याल का?

अकरामहिने

ताई, त्यांच्या आधी मी उत्तर देते, कारण मी कायम नाही. आरोग्य विभागात कंत्राटी आहे. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये खंड, मग नवीन आदेश. ही माझी नववी फेरी.

इथे सगळे चौकशीच्या भीतीबद्दल लिहिताहेत. खरं सांगू, मला त्या भीतीचाही हेवा वाटतो. चौकशीत निदान दोषारोपपत्र देतात, म्हणणं मांडू देतात. माझा आदेश वाढला नाही तर कुणाला कारणसुद्धा द्यावं लागत नाही. लसीकरणाचा डबा घेऊन मी त्याच वस्तीत जाते जिथे कायम परिचारिका जाते, नोंदी त्याच रजिस्टरमध्ये करते. बाळाला सुई टोचताना आई माझा हात धरते तेव्हा माझ्या आदेशाची तारीख विचारत नाही.

तरीही नऊ वर्षं का टिकले? ज्या बाळांना पहिला डोस दिला त्यातली काही आता शाळेत जाताना रस्त्यात थांबून हाक मारतात. खाजगी रुग्णालयात यापेक्षा जास्त पगार मिळाला असता, पण त्या वस्तीत तिथलं कुणी जात नाही.

खडूफळा

जिल्हा परिषद शाळेत आहे. आमची घुसमट वेगळी, शिकवायला वेळ मिळत नाही ही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात कुठली ना कुठली माहिती ‘आजच्या आज’ भरायची असते आणि तिसरीचा वर्ग पाढे म्हणत एकटा बसतो. त्याबद्दल माझा राग कमी होणार नाही.

पण निवडणुकीच्या कामाबद्दल मी तक्रार करत नाही, आणि सरकारी नोकरीचं मोल मला तिथेच कळलं. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा पहाटे साडेपाचला प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतलं, किमान पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, मग यंत्र कोरं करायचं. दिवसभर त्या खोलीत गावातले दोन्ही गट समोरासमोर बसलेले, एकमेकांशी बोलत नाहीत अशी माणसं. संध्याकाळी मी नमुना १७ सी भरला. झालेल्या मतांचा आकडा लिहिला, सही केली. दोन्ही गटांच्या प्रतिनिधींनी निमूट सह्या केल्या आणि प्रत घडी घालून खिशात ठेवली. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या माणसांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला. माझ्यावर म्हणजे माझ्या व्यक्तीवर नाही, मी त्यांना अनोळखी. मी ज्या जागेवर बसले होते त्या जागेवर. ती जागा आपल्या आधी कितीतरी जणांनी नीट सांभाळली म्हणूनच हे झालं.

@अभ्यासिका, हो, मी परत याच नोकरीत येईन.

पेन्शनर५८

नायब तहसीलदार पदावरून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. १९७७ चा चोपन्न दिवसांचा संप मी नवा कारकून असताना पाहिला, चूल कशी चालवली ते आठवतं. पुढे डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. आमची पिढी त्या आधारावर म्हातारी झाली. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना तो आधार मिळाला नाही. मार्च २०२३ च्या संपात तरुण पोरं का उतरली ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या विषयावर वेगळा धागा काढा, इथे मूळ गोष्ट बाजूला पडेल.

@आवकजावक, आता तुझ्या नस्तीबद्दल. रागावू नकोस, पण तुझ्या टिपणीतही खोट असणार असं मला वाटतं. तू शेवटी काय लिहिलं होतंस? ‘आदेशार्थ सविनय सादर’ ना? म्हणजे सगळा भार साहेबांच्या डोक्यावर. भ्यालेल्या माणसापुढे उघडा प्रश्न ठेवला की तो ‘चर्चा करावी’ म्हणतो. मीही म्हणायचो.

आम्ही काय करायचो सांगतो. पहिलं, हस्तलिखित सातबाऱ्याच्या प्रतीवर थांबायचं नाही. सातबारा हा शेवटी फेरफारातून, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीतून, आलेला असतो. अभिलेख कक्षात जायचं, त्या गावाचा रुमाल (कापडात बांधलेलं दप्तर) सोडायचा, गाव नमुना सहामधलं, म्हणजे फेरफार नोंदवहीतलं, मूळ पान काढायचं. वारसांचा तपशील, प्रमाणित करणाऱ्याची सही, तारीख, सगळं तिथे असतं. त्याची साक्षांकित प्रत पृष्ठांकित करून लावायची. दुसरं, टिपणीत एक वाक्य स्वतःच्या जबाबदारीवर लिहायचं, ‘मूळ अभिलेख मी स्वतः पडताळला असून मालकी हक्काचा कोणताही प्रश्न उद्भवत नाही’. खाली तुझी सही. तिसरं, आदेशाचा मसुदा सोबत जोडायचा, नोटीस कुणाला बजावली आणि हरकत आली नाही हे मसुद्यातच. साहेबांना तुझी सही आपल्या सहीच्या आधी दिसली पाहिजे. एकटा पडणार नाही हे दिसलं की माणसाचा हात चालतो.

मात्र ते वाक्य खरं असेल तरच लिही. रुमाल सोडल्याशिवाय लिहू नकोस.

रांगेतला

काका, तुमच्यासारखं कुणी माझ्या खेपांत भेटलं असतं तर बरं झालं असतं. एक शंका, चूक निघाली तर मग त्या कारकुनालाच चौकशी लागेल ना?

पेन्शनर५८

लागेल. मलाही दोनदा लागली. एकदा माझी चूक होती, ठपका आला, वेतनवाढ थांबली. दुसऱ्यांदा नव्हती, सुटलो. सुटलो ते कागदामुळे. मी काय पाहिलं, कधी पाहिलं, हे तेव्हाच टिपणीत लिहून ठेवलेलं होतं. न लिहिणारा जास्त सुरक्षित असतो असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव उलट आहे.

बारनिशी

काका, हे वाक्य मी लिहून घेतलंय.

आवकजावक

तीन आठवड्यांनी परत येतोय.

काकांनी सांगितलं तसं केलं. शनिवारी अभिलेख कक्षाची किल्ली मागून घेतली, २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने कार्यालयात कुणी नव्हतं. त्या गावाचा रुमाल तिसऱ्या कपाटात सगळ्यात खाली निघाला. गाठ इतकी घट्ट होती की नखाने सुटेना, पेनाच्या टोपणाने सोडवली. पानं कडेला तपकिरी, पण मधली शाई स्वच्छ. मूळ फेरफार सापडला. बाईंचं नाव ठसठशीत, समोर डाव्या अंगठ्याचा ठसा, खाली मंडळ अधिकाऱ्यांची सही. आणि एक गोष्ट जी हस्तलिखित सातबाऱ्याच्या प्रतीवर नव्हती: वारसांत एक दीरही होता, त्याचा जबाब होता की मला हक्क नको. साहेबांना ज्या भाऊबंदाची भीती होती तो हाच असावा. त्याचं म्हणणं इतकी वर्षं रुमालात बांधून पडलं होतं आणि आम्ही वर बसून त्याला घाबरत होतो.

टिपणी नव्याने लिहिली. ते वाक्य लिहिताना हात थांबला, हे कबूल करतो. मग लिहिलं, सही केली, मसुदा जोडला. नवे साहेब अर्धा तास वाचत बसले. दिराच्या जबाबाचं पान दोनदा उलटून पाहिलं. मग मला आत न बोलावताच आदेशावर सही करून नस्ती बाहेर पाठवली.

आदेशाप्रमाणे फेरफार धरला गेला आणि प्रमाणित झाला. बाई परवा आल्या. दुरुस्त सातबारा त्यांच्या हातात दिला. वाचता येत नाही, म्हणून नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि विचारलं, ‘आता हे मीच ना?’ मी हो म्हणालो. पुढे काही बोलता आलं नाही.

@अभ्यासिका, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. हो, येईन. आणि तुम्ही आलात तर पहिल्याच महिन्यात अभिलेख कक्ष बघून घ्या, कुणी सांगण्याची वाट पाहू नका.

@रांगेतला, पोचेवर मुदतीची तारीख लिहितोय. चार जणांनी ती दाखवून विचारणा केली. दोघांचं काम त्यामुळे पुढे सरकलं, दोघांचं अजून अडकलंय. तुमच्या वारसनोंदीचं काय झालं?

रांगेतला

मागच्या मंगळवारी झाली. आठवी खेप. शेवटच्या खेपेला टेबलावरच्या मॅडमनी खुर्ची दिली आणि उशीर का झाला ते सांगितलं. राग गेला असं नाही, पण कारण कळलं.

पेन्शनर५८

@आवकजावक, वाचून बरं वाटलं. मूळ पान परत रुमालात लावलंस ना? उद्या दुसऱ्या कुणाला लागेल.

आवकजावक

लावलं काका. त्याच जागी. गाठही बांधली, पण या खेपेला जरा सैल.